‘चंगीज’ या शब्दाचा अर्थ काय?

चंगीज खान मुसलमान होता का, हा प्रश्न मराठी समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने विचारला जातो. उत्तर एका वाक्यात देता येते: नव्हता, तो ‘तेंगरी’ म्हणजे आकाशदेवाला मानणारा होता. पण या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो अधिक अवघड आहे. ज्या नावाने हा माणूस जगाला ठाऊक आहे, त्या नावाचा अर्थ काय? ‘समुद्र’, ‘कणखर’, ‘उग्र’, ‘देवदत्त’, इतकेच नव्हे तर ‘पाखराचा आवाज’ अशी उत्तरे गेल्या आठशे वर्षांत दिली गेली आहेत. दिल्ली ते दानूब अशा विस्तीर्ण प्रदेशाला ज्याच्या फौजांची किंवा त्याच्या वंशजांच्या फौजांची धास्ती होती, त्याच्या नावाचा अर्थ आजही वादात असावा, हे चमत्कारिक वाटते. हा वाद कशावरून आहे आणि त्यातून काय हाती लागते, ते क्रमाने पाहू.

आधी ‘खान’ या शब्दाविषयी

महाराष्ट्राच्या इतिहासात ‘खान’ म्हटले की अफझलखान आणि शाइस्ताखान आठवतात, त्यामुळे हा शब्द इस्लामशी जोडला जाणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ‘खान’ आणि त्याचा थोरला भाऊ शोभेल असा ‘खागान’ हे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील राजपदाचे जुने शब्द आहेत. इ.स.च्या पाचव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, रौरान नावाच्या भटक्या लोकांचे राजे ‘खागान’ म्हणवून घेत होते. चंगीजच्या पणजोबांच्या पिढीतही मंगोलांमध्ये ‘खान’ होतेच. त्याच्या पणजोबाचे नाव खाबुल खान असे होते. पुढे तुर्की वंशाच्या राजांनी इस्लाम स्वीकारला, त्यांच्या दरबारांतून हा शब्द फारसीत रुळला आणि फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. चंगीजच्या फौजांनी १२२० मध्ये बुखारा घेतले आणि त्याचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद पाडून अब्बासी खिलाफत संपवली, हे लक्षात घेतले तर ‘खान’वरून धर्म ठरवण्याची घाई किती फसवी आहे ते कळते.

असाच प्रवास ‘बहादूर’चाही आहे. चंगीजच्या वडिलांचे नाव येसुगेई बाआतुर. यातला ‘बाआतुर’, मंगोलियाच्या राजधानीच्या ‘उलानबातर’ म्हणजे ‘लाल वीर’ या नावातला ‘बातर’ आणि इंग्रजी अमदानीत आपल्याकडच्या प्रतिष्ठितांना मिळणाऱ्या ‘रावबहादूर’ या किताबातला ‘बहादूर’ हा मुळात एकच शब्द आहे.

एका माणसाची दोन नावे

या माणसाचे जन्मनाव तेमूजिन. ‘चंगीज’ हा त्याला नंतर मिळालेला किताब. हे नाते समजण्यासाठी ‘लोकमान्य’ हा शब्द डोळ्यांपुढे आणावा. ते टिळकांचे नाव नव्हे, पदवी. पण मराठीत नुसते ‘लोकमान्य’ म्हटले तरी दुसरे कोणी मनात येत नाही. चंगीजच्या बाबतीत हे आणखी पुढे गेले. त्याच्या आधी हा किताब कोणाला मिळाल्याची नोंद नाही आणि त्याच्यामागून गादीवर बसलेल्या मुलाने व नातवांनीही तो घेतला नाही. ‘लोकमान्य’ याचा अर्थ मात्र आपल्याला उघड दिसतो, कारण ‘लोक’ आणि ‘मान्य’ हे दोन्ही शब्द आपण रोज वापरतो. ‘चंगीज’चे घटक शब्द तसे वापरात राहिले नाहीत. एकदाच वापरला गेलेला आणि एकाच माणसाला चिकटलेला शब्द फार लवकर केवळ नाव होऊन बसतो, आणि वादाचे मूळ येथेच आहे.

तेमूजिन: लोहार की शत्रूचे नाव?

जन्मनावाचा वाद तुलनेने सोपा आहे. तुर्की आणि मंगोल भाषांत ‘तेमूर’ म्हणजे लोखंड. चौदाव्या शतकातील तैमूरलंगाच्या नावातही तेच लोखंड आहे. त्याला व्यवसायदर्शक प्रत्यय लागून ‘लोखंडाचे काम करणारा’, म्हणजे लोहार, असा अर्थ होतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रान्सच्या राजाकडून मंगोल प्रदेशात गेलेला रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती धर्मोपदेशक १२५४ मध्ये चंगीजचा नातू मोंगके याच्या दरबारात होता आणि चंगीज हा एक लोहार होता असे त्याने लिहून ठेवले. पुढच्या शतकात इब्न बतूता या प्रवाशानेही तेच लिहिले.

तो खरोखर लोहार होता का? मुळीच नाही. तो एका टोळीप्रमुखाचा मुलगा होता. पाटील आडनावाचा माणूस गावचा पाटील असतोच असे नाही, तसेच हे आहे. नावाचा अर्थ कळल्यावर लोकांनी त्यावरून चरित्र रचले, एवढाच या कथेचा बोध घ्यावा.

‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा मंगोल भाषेतील सर्वांत जुना मोठा ग्रंथ वेगळेच कारण देतो. ओनोन नदीच्या परिसरात हे मूल जन्मले, त्याच सुमारास येसुगेईने तातार टोळीच्या तेमूजिन-उगे नावाच्या सरदाराला पकडून आणले होते, म्हणून मुलाला तेच नाव दिले. ही कथा पटण्यासारखी आहे, पण एक गोष्ट खटकते. त्याच्या सर्वांत धाकट्या भावाचे नाव तेमूगे आणि बहिणीचे तेमूलून. तिन्ही नावांची सुरुवात सारखी आहे. काही अभ्यासक म्हणूनच ‘लोखंड’ सोडून ‘आवेगाने धावत सुटणे’ या अर्थाच्या मंगोल धातूकडे वळतात. मला स्वतःला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. आपल्याकडे थोरल्याचे नाव सुरेश ठेवले की धाकटे रमेश आणि महेश होतात. पहिले नाव कशावरून आले याचा धाकट्यांच्या नावांशी संबंध असावाच लागत नाही.

‘समुद्र’ हा अर्थ कोठून आला?

आता किताबाकडे वळू. विसाव्या शतकात सर्वाधिक पसरलेले मत असे, की ‘चंगीज’ म्हणजे ‘समुद्र’, आणि ‘चंगीज खान’ म्हणजे समुद्रासारखा अथांग, सर्व जगाचा राजा. फिनलंडचे भाषाशास्त्रज्ञ गुस्ताफ रामस्टेट आणि फ्रान्सचे पॉल पेलियो यांच्या अधिकारामुळे हे मत विश्वकोशांतून रुजले. तुर्कीत समुद्राला ‘तेंगिझ’ म्हणतात. आजच्या तुर्कस्तानातील ‘देनिझ’ तोच.

या मताला एक मोठा आधार आहे. चंगीजचा नातू ग्युयुक याने १२४६ मध्ये पोप चौथे इनोसंट यांना एक उद्धट पत्र पाठवले, ते व्हॅटिकनच्या दफ्तरात आजही आहे. पत्र फारसीत आहे, पण त्यावरची मुद्रा मंगोल भाषेतील असून तिच्यात ‘दलाई-यिन खान’, म्हणजे ‘समुद्राचा खान’, असे शब्द आहेत. ‘दलाई’ हा समुद्रासाठीचा मंगोल शब्द आपल्याला चांगला परिचित आहे: १५७८ मध्ये अल्तान खान या मंगोल राजाने सोनाम ग्यात्सो या तिबेटी लामांना दिलेल्या ‘दलाई लामा’ या किताबात तोच आहे, आणि ‘ग्यात्सो’ या तिबेटी शब्दाचा अर्थही समुद्रच. तेव्हा नातू जर ‘समुद्राचा खान’ म्हणवत होता, तर आजोबाच्या किताबातही समुद्र असणार, असा हा तर्क.

हा अर्थ का टिकत नाही?

तर्क मोहक आहे, पण ‘तेंगिझ’चे ‘चंगीज’ झाले कसे, हा प्रश्न त्याला ओलांडता येत नाही. भाषेतले ध्वनी मन मानेल तसे बदलत नाहीत. ठराविक परिस्थितीत ठराविक रीतीने बदलतात, आणि या रीतीलाच ध्वनिनियम म्हणतात. मराठीतले उदाहरण घेऊ. संस्कृतातील ‘सत्य’चे ‘साच’ झाले, ‘नृत्य’चा ‘नाच’ झाला. म्हणजे ‘त’च्या पाठीला ‘य’ असेल तर तेथे ‘च’ येतो. पण ‘तैल’चे ‘तेल’ झाले, ‘चेल’ झाले नाही, कारण तेथे ‘य’ नाही. मंगोल भाषेतही असाच नियम आहे: ‘त’च्या पुढे ‘इ’ आली की ‘ति’चा ‘चि’ होतो. तुर्की ‘तेंगिझ’मध्ये मात्र ‘त’ला ‘ए’ आहे, ‘इ’ नाही. म्हणून हे मत मानणाऱ्यांना ‘तिंगिझ’ असे एखादे रूप पूर्वी असावे, असे गृहीत धरावे लागते.

याहून मोठी अडचण ‘गुप्त इतिहासा’च्या पहिल्याच परिच्छेदात आहे. मंगोलांचे आदिपूर्वज ‘तेंगिस’ ओलांडून आले, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तुर्कीतला समुद्रवाचक शब्द मंगोलांनी घेतलेला होता, तो ‘तेंगिस’ याच रूपात घेतलेला होता, आणि ज्या ग्रंथात तो येतो त्याच ग्रंथात राजाचे नाव ‘चिंगिस’ असे वेगळे येते. एकाच घरात एकच शब्द दोन वेशांत नांदत होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग ‘समुद्र’वाद्यांवर येते आणि ती त्यांना पार पाडता आलेली नाही.

नातवाच्या मुद्रेचे काय, असे कोणी विचारील. त्या मुद्रेतच उत्तर आहे. ग्युयुकला ‘समुद्राचा खान’ म्हणायचे होते तेव्हा त्याने सरळ ‘दलाई’ हा शब्द वापरला. ‘चंगीज’चा अर्थ तोच असता, तर आजोबाचा तो किताब या मुद्रेत अधिक शोभला असता.

‘कणखर’, ‘उग्र’ आणि इतर उत्तरे

इराणातील मंगोल दरबाराचा वजीर रशीदुद्दीन याने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या इतिहासात अर्थ दिला आहे तो असा: ‘चिंग’ म्हणजे दृढ, बळकट, आणि ‘चिंगीज’ हे त्याचे अनेकवचन. हा किताब कोकोचू उर्फ तेब-तेंगरी या शमानाने, म्हणजे देवाशी बोलणाऱ्या भगताने, दिला असेही तो सांगतो. रशीदुद्दीनला मंगोल माहीतगार उपलब्ध होते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. अडतो तो अनेकवचनापाशी. मराठी वाचकाला यात काही वावगे वाटणार नाही, कारण आपण ‘महाराज आले’ असे आदराने म्हणतोच. पण आपले आदरार्थी बहुवचन मंगोल किताबाला लावणे म्हणजे आपल्या घरच्या किल्लीने शेजाऱ्याचे कुलूप उघडू पाहणे होय.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्वान इगोर द राखेविल्ट्स यांनी हा सगळा प्रश्न पुन्हा तपासला. ‘समुद्र’ हा अर्थ नाकारून त्यांनी ‘उग्र, कठोर, चिवट’ अशा अर्थाच्या एका जुन्या तुर्की शब्दाकडे बोट दाखवले. त्यात ‘त’चा ‘च’ करण्याची कसरत नाही, अनेकवचन गृहीत धरावे लागत नाही, आणि गवताळ प्रदेशातील लढवय्या सरदारांनी आपल्या नेत्याला ‘उग्र राजा’ म्हणावे हे त्या समाजाला साजेसेही आहे. रशीदुद्दीनच्या ‘दृढ’ या अर्थापासूनही ते फार दूर नाही. आज अनेक अभ्यासक याच बाजूला झुकलेले आहेत आणि मलाही हीच बाजू जड वाटते.

उरलेली उत्तरे थोडक्यात. दक्षिण चीनमधील सोंग राज्याचा दूत झाओ होंग १२२१ मध्ये मंगोलांकडे गेला होता. त्याच्या वृत्तांतात हा किताब ‘देवाने दिलेला’ या अर्थाच्या चिनी शब्दांशी जोडलेला आहे. ही साक्ष चंगीजच्या हयातीतली असली, तरी परकीय शब्दाला स्वतःच्या भाषेतील जवळचा शब्द चिकटवण्याचा हा प्रकार दिसतो. अशा जोडकामाला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिचा सर्वांत गोड नमुना सतराव्या शतकातील मंगोल बखरकार सागांग सेचेन याच्याकडे आहे: एक पंचरंगी पाखरू सलग तीन दिवस सकाळी तंबूसमोरच्या दगडावर बसून ‘चिंगिस, चिंगिस’ असे बोलले आणि त्यावरून हे नाव पडले. चारशे वर्षांनंतर खुद्द मंगोल बखरकारालाच अर्थ ठाऊक राहिला नव्हता, याचा हा पुरावा मानायला हरकत नाही.

मंगोल लोकांनाच का विचारू नये?

हा आक्षेप नेहमी येतो: भाषा त्यांची, राजा त्यांचा, मग परक्या पंडितांनी वाद का घालावा? याचे उत्तर पंढरपुरात मिळते. विठ्ठलाचे नाव महाराष्ट्रात रोज लाखो मुखांतून येते. विटेवर उभा म्हणून विठ्ठल असे कोणीही वारकरी सांगेल. तरीही ‘विष्णू’पासून ‘विठ्ठल’ कसे झाले किंवा झालेच का, यावर अभ्यासकांची कितीतरी पाने खर्ची पडली आहेत. नाव जिभेवर असणे आणि त्याचे मूळ ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप उच्चाराचा आहे. चंगीज, चंगेज, चेंगीझ, गेंगिस, यांतले खरे कोणते? मंगोल उच्चार ‘चिंगिस’च्या जवळचा आहे. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे तेच अक्षर ‘चिं’ वाचता येते आणि ‘चं’ही, आपण दुसरे उचलले. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्याने जुन्या कागदांतील नावे वाचताना जी अडचण येते, तिचीच ही बहीण. अरबीत ‘च’ नाही, म्हणून तेथे ‘ज’ आला आणि युरोपात पोहोचता पोहोचता इंग्रजी वाचकांच्या तोंडी त्याचा ‘ग’ झाला. मंगोलांची स्वतःची लिपीही निर्दोष नव्हती. १२०४ मध्ये नैमान टोळीचा पाडाव झाल्यावर त्यांच्या उईगुर मुद्राधिकाऱ्यामार्फत जी लिपी मंगोलांनी स्वीकारली, तिच्यात ‘त’ आणि ‘द’ नीट वेगळे दाखवता येत नव्हते. ‘गुप्त इतिहासा’ची या लिपीतील मूळ प्रत आज हाती नाही, जो पाठ पूर्ण टिकला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस चिनी अक्षरांत उतरवलेला, दुभाष्यांना मंगोल शिकवण्यासाठी केलेला आहे.

अर्थ कोणताही असो, फरक काय पडतो?

फरक पडतो, आणि तो इतिहासाच्या एका कळीच्या प्रश्नाला पडतो: जग जिंकण्याची कल्पना मंगोलांच्या मनात कधी आली?

१२०६ मध्ये ओनोनच्या उगमापाशी टोळ्यांची कुरुलताई, म्हणजे सरदारांची महासभा, भरली आणि तेमूजिनला सर्वांचा खान मानण्यात आले. त्या दिवशी त्याच्या ताब्यात फक्त गवताळ प्रदेशातील टोळ्या होत्या. उत्तर चीनमधील जिन साम्राज्यावर मोठी स्वारी १२११ मध्ये झाली, मध्य आशियातील ख्वारझम राज्यावरची १२१९ मध्ये. आता ‘चंगीज’ म्हणजे ‘समुद्र’ आणि पर्यायाने ‘जगाचा स्वामी’ असे मानले, तर जगावर राज्य करण्याचा दावा पहिल्या दिवसापासून होता आणि पुढच्या सगळ्या स्वाऱ्या एका ठरलेल्या योजनेप्रमाणे झाल्या, असे म्हणावे लागते. अर्थ ‘उग्र’ किंवा ‘कणखर’ असेल, तर तो एका टोळीनेत्याचा, आपल्याच माणसांत शोभणारा किताब ठरतो, आणि विश्वसत्तेची भाषा विजयांच्या मागून, मुलानातवांच्या काळात, घडत गेली असे दिसते. दुसरे चित्र इतर पुराव्याशी अधिक जुळते. स्वतः चंगीज ‘खान’ होता; ‘खागान’ हा चढता किताब १२२९ मध्ये गादीवर आलेल्या त्याच्या मुलापासून, ओगेदेईपासून रुळला, आणि ‘समुद्राचा खान’ ही मुद्रा त्याच्याही नंतरची.

शिवाय हे नाव आजही निव्वळ इतिहास झालेले नाही. सोविएत प्रभावाखालील मंगोलियात १९६२ साली त्याच्या जन्माच्या आठशेव्या वर्षानिमित्त स्मारक उभारले गेले आणि टपाल तिकिटे निघाली, तेव्हा मॉस्कोची नाराजी ओढवून त्यामागच्या नेत्याला पद गमवावे लागले. १९९० नंतर काटा दुसऱ्या टोकाला गेला: उलानबातरच्या विमानतळाला, राष्ट्रीय संग्रहालयाला हेच नाव आहे आणि पुतळे तर ठिकठिकाणी आहेत. चीनच्या बाजूचा अनुभव उलट आहे. फ्रान्समधील नांत शहराच्या संग्रहालयाने २०२० मध्ये चंगीजवरचे नियोजित प्रदर्शन पुढे ढकलले, कारण चिनी अधिकाऱ्यांनी ‘चंगीज खान’, ‘साम्राज्य’ आणि ‘मंगोल’ हेच शब्द वगळण्याची मागणी केली होती; अखेर २०२३ मध्ये चीनच्या सहकार्याविना ते भरले.

सर्वांत जुना लेखी पुरावा

या नावाचा त्याच्या हयातीतला एक पुरावा दगडावर आहे. सुमारे १२२५ मधला हा शिलालेख मंगोल भाषेतील ज्ञात लेखांत सर्वांत जुना मानला जातो आणि तो आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याची सुरुवातच ‘चिंगिस खान’ या शब्दांनी होते. पहिले अक्षर ‘त’ नव्हे, ‘च’ आहे, आणि पदही ‘खान’ आहे, ‘खागान’ नव्हे. आपल्या वादातले दोन मुद्दे त्या दगडाने असे परस्पर मिटवले आहेत. नावाचा अर्थ मात्र कोरणाऱ्याने दिलेला नाही, कारण मोहिमेहून परतलेल्या फौजेच्या ज्या मेळाव्याची ही नोंद आहे, तेथे तो कोणाला सांगण्याची गरज नव्हती. त्याला नोंदवायचे होते ते वेगळेच: चंगीजचा पुतण्या यिसुंगे याने त्या दिवशी ३३५ वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) अंतरावर बाण मारला.